माणशी शंभर वॉट

चंद्रपूरच्या उष्णता प्रयोगशाळेत एक काचेची खोली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या खोलीच्या बाहेर अठ्ठेचाळीस अंश तापमान होतं आणि आत पंचवीस. आत एसी नव्हता, पंखा नव्हता, विजेची तारसुद्धा नव्हती. काचेवर फक्त एक पातळ, पारदर्शक थर चिकटवलेला होता. तो बनवणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी, डॉ. विश्राम उमाळकर आणि डॉ. रेहाना काझी यांनी, त्याचं नाव शीतपटल ठेवलं होतं.

ते पाहायला गुणवंत टेंभुर्णे आले होते. उमाळकर राहत त्या काचेच्या टॉवरचे ते सेक्रेटरी. त्यांनी खोलीला बाहेरून एक प्रदक्षिणा घातली आणि आतली उष्णता जाते कुठं, असं विचारलं.

रेहानाने समजावून सांगितलं. पटल ऊन परतवून लावतं. शिवाय आतली उष्णता शोषून ती अशा किरणांच्या रूपात बाहेर टाकतं, की ते किरण हवेला अडवता येत नाहीत. वातावरणात त्या किरणांपुरती एक मोकळी वाट आहे, तिला आम्ही आकाशगवाक्ष म्हणतो. त्या वाटेने उष्णता सरळ अवकाशात निघून जाते.

"म्हणजे आपला कचरा देवाच्या दारात," टेंभुर्णे म्हणाले.

"देवाचं दार उणे दोनशे सत्तर अंशांवर आहे. त्याला चालतं," रेहाना म्हणाली.

टेंभुर्ण्यांनी बटण कुठे आहे ते विचारलं. बटण नाही, हाच तर पटलाचा मोठेपणा, असं उमाळकरांनी सांगितलं. एकदा चिकटवलं की रात्रंदिवस, बारा महिने ते आपलं काम करतं. टेंभुर्ण्यांना आत जाऊन बसायचं होतं, पण चाचणी चालू असताना खोलीत कुणी जायचं नाही असा प्रयोगशाळेचा नियम होता.

मग त्यांना उमाळकरांच्या घरी नेण्यात आलं. घर अकराव्या मजल्यावर, कोपऱ्यात होतं. तीन बाजूंना काचा. इरई नदी दिसते म्हणून कुंदाने, म्हणजे उमाळकरांच्या पत्नीने, ते निवडलं होतं, आणि मग दर उन्हाळ्यात त्यावरून नवऱ्याची बोलणी खाल्ली होती. गेल्या भाद्रपदात कुंदा गेली. यंदा बोलणी खायला कुणी नव्हतं आणि घर मात्र थंडगार होतं. उमाळकर मे महिन्यात शाल घेऊन झोपत होते. टेंभुर्णे सोफ्यावर टेकले ते तासभर उठले नाहीत. दोन आठवड्यांत सगळ्या टॉवरला शीतपटल लागलं आणि लोकांनी आपापले एसी मोठ्या उत्साहाने भंगारात दिले.

त्यानंतर आठवडाभरात टेंभुर्णे प्रयोगशाळेत आले. या वेळी त्यांनी प्रदक्षिणा घातली नाही.

"आमच्या घरी भट्टी पेटून राहिली, सर. एक्केचाळीस. माझी आई फ्रिज उघडून त्याच्यासमोर पाट मांडून बसते."

रेहाना तापमापक घेऊन टॉवरमध्ये फिरली. काही घरं गार होती, काही तापलेली. काच तीच, पटल तेच. शेवटी ती उमाळकरांच्या घरात येऊन बसली. बराच वेळ तिने इकडे तिकडे पाहिलं.

"सर, आपण रिकामी खोली तपासली," ती म्हणाली.

"नियम होता."

"हो. आणि मग खात्री करायला हे घर तपासलं. म्हणजे दुसऱ्यांदा रिकामी खोलीच तपासली."

आपण काय बोललो ते तिच्या उशिरा लक्षात आलं. उमाळकरांनी चष्मा पुसला आणि गणित करू या म्हणाले.

गणित सोपं होतं. नुसता बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. काही माणसांचा उजेड पडत नाही, पण तापतात सगळी सारखीच. पटल किती उष्णता बाहेर फेकणार हे काचेच्या आकारावर ठरतं. उमाळकरांच्या तीन बाजूंच्या काचा आठ माणसांची उष्णता फेकत होत्या आणि घरात माणूस एक. टेंभुर्ण्यांची एका बाजूची काच तीन माणसांपुरती होती आणि घरात माणसं नऊ. वर कुकर वेगळा. खिडक्या उघडायची त्या टॉवरमध्ये सोय नव्हती, आणि असती तरी बाहेरून लू, म्हणजे उन्हाळी गरम वारा, आत आली असती.

हे गणित नोटीस बोर्डावर लागलं आणि टॉवरमधली माणसं एकमेकांकडे वॉटमध्ये पाहू लागली. पाहुणा आला की पाणी देण्याआधी मुक्काम विचारला जाई. रागावलेला माणूस जास्त तापतो असं कुणीतरी वाचलं, तेव्हापासून सुना सासूला "तुम्ही शांत व्हा, घर तापतं" असं तोंडावर सांगू लागल्या. त्यात त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिना म्हणजे जावयाला बोलवायचं, वाण द्यायचं, अनारसे तळायचे. टेंभुर्ण्यांचे जावई वजनाने चांगलेच भरदार होते. त्यांनी विचारल्यावरून रेहानाने हिशेब सांगितला: जावई दीडशे वॉट, कढई दोन हजार.

जावयाचं वाण उमाळकरांच्या घरी झालं. कढई खाली टेंभुर्ण्यांकडे, जावई वर. सासुरवाडीने आपल्याला परक्या घरात बसवलं म्हणून जावई आधी रुसले, पण तिथे घाम येत नाही हे कळल्यावर ते चार दिवस हलले नाहीत.

पुढच्या सभेत ठराव आला. एकटा माणूस आठ माणसांची थंडी खातो हे न्यायाचं नाही. उमाळकरांनी टेंभुर्ण्यांच्या घरात जावं आणि टेंभुर्ण्यांचं कुटुंब कोपऱ्यात यावं. विज्ञानाच्या दृष्टीने ठराव अगदी बरोबर होता. तो मांडताना टेंभुर्णे उमाळकरांकडे पाहत नव्हते.

उमाळकर उठून उभे राहिले.

"बाकी काही म्हणा," ते म्हणाले, "त्या घरातून मला काढू नका. कुंदा तिथं होती."

मग तोडगा निघाला. उमाळकरांनी घर सोडायचं नाही, पण दुपारभर दार उघडं ठेवायचं. एका वेळी सात माणसं.

तो उन्हाळा उमाळकरांना फार जड गेला. बाया मुगवड्या घालायला परातींसकट येत. म्हातारे पत्ते खेळत आणि हरले की वाद घालून तापमान वाढवत. टेंभुर्ण्यांच्या आईने, बयाबाईंनी, पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे हलवले. तिखटाचा डबा इतका वर कोण ठेवतं, असं त्या म्हणाल्या. कुंदा ठेवत होती. उमाळकर संध्याकाळी डबे परत जागेवर ठेवत राहिले. रोज प्रयोगशाळेत येऊन ते रेहानाजवळ कुरकुरत. खुर्च्या मोडल्या. टीव्हीचा रिमोट सापडत नाही. मला माझ्याच घरात बसायला जागा नाही. पाऊस लागला की सुटलो.

पाऊस लागला. टॉवर आपोआप थंडावला. लोकांनी पराती उचलल्या, पत्ते उचलले, आभार मानले आणि येणं थांबवलं. उमाळकरांनी घर झाडून घेतलं, डबे नीट लावले आणि सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास त्यांना स्वतःला ऐकू आला, इतकं घर शांत होतं.

मग थंडी आली. शीतपटलाला बटण नव्हतं. ते बारा महिने आपलं काम करत होतं. ऊन आत येऊ देत नव्हतं आणि आठ माणसांची उष्णता रोज अवकाशात फेकत होतं. टेंभुर्ण्यांकडे नऊ माणसं गोधडीशिवाय मजेत झोपत होती. उमाळकरांच्या घरात खोबरेल तेल थिजलं, मग तूप, मग उमाळकर. दोन स्वेटर आणि कानटोपी घालून ते प्रयोगशाळेत आले तेव्हा रेहानाने त्याच दिवशी एक हीटर विकत आणून त्यांच्या दारात ठेवला. आठवड्याने ती गेली तर खोकं तसंच होतं. दोऱ्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. तिने कारण विचारलं. सवड झाली नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी तिला रविवारच्या सभेला तज्ज्ञ म्हणून यायला सांगितलं.

सभा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती. उमाळकर कानटोपी न काढता उभे राहिले. त्यांनी फळ्यावर काचेचं क्षेत्रफळ मांडलं, उष्णतेचा समतोल मांडला आणि निष्कर्ष सांगितला: कोपऱ्यातलं घर राहण्याजोगं ठेवायचं तर होळीपर्यंत रोज संध्याकाळी तिथे आणखी सात माणसांची गरज आहे. उन्हाळ्यात आपण टॉवरला सहकार्य केलं होतं, एवढं त्यांनी हळूच जोडलं.

टेंभुर्ण्यांनी फळा नीट पाहिला. एवढ्या महिन्यांत तेही वॉटमध्ये तयार झाले होते.

"सर, हीटर घेऊन टाका ना जी," ते म्हणाले. "सात माणसं कायले हलवता? एक हीटर म्हणजे किती माणसं होतात?"

उमाळकर खडू हातात धरून उभे राहिले. उत्तर होतं दहा. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला चुकीचा आकडा सांगितला नव्हता, आणि आताही त्यांच्या तोंडून तो निघेना; खराही निघेना. ते नुसतेच फळ्याकडे पाहू लागले.

टेंभुर्णे रेहानाकडे वळले. सगळा हॉल तिच्याकडे वळला. तिने आधी उमाळकरांच्या कानटोपीकडे पाहिलं, मग फळ्यावरच्या त्या सातच्या आकड्याकडे. त्याच्याभोवती त्यांनी दोनदा गोल काढला होता.

"हीटर चालणार नाही," ती म्हणाली. "शीतपटलाला हीटरची उष्णता कळत नाही. माणसाचीच लागते."

तिच्या शिक्षणाला हे वाक्य ऐकून फार त्रास झाला. पण हॉलमध्ये लोकांनी माना डोलावल्या, कारण एवढं सोपं विज्ञान त्यांना पहिल्यांदाच समजलं होतं. टेंभुर्ण्यांनी बाया आणि म्हातारे यांच्या पाळ्या बोटांवर मोजल्या आणि विचारलं, "मग जेवून यायचं की येऊन जेवायला घरी परत जायचं?"

"जेवायलाच या," उमाळकर म्हणाले.