तारवालीचा दरवाजा

उतारवयात मला भिंतींना धडका मारायची नोकरी लागली. हसू नका. माझी भाची व्हिडिओ गेम बनवते. गेम बाजारात जाण्याआधी त्यातल्या प्रत्येक भिंतीवर कुणीतरी नायकाला आदळून पाहावं लागतं. एखादी जागा पोकळ राहिली तर तो आरपार निघून जातो. हे काम तरण्या पोरांना जमत नाही, त्यांना घाई. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. माझी पद्धत ठरलेली: डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, तीन धडका, वीतभर सरकायचं, पुन्हा तीन धडका. भोक सापडलं की वहीत नोंद.

या गेमची नायिका होती तारवाली. चाळिशीची, दणकट बाई; बुडालेल्या शहरात खांबांवर चढून पुन्हा वीज आणायची. नखरा नाही, तोकडे कपडे नाहीत. हालचाली भाचीच्याच, हालचाली टिपणारा, अंगभर ठिपक्यांचा काळा पोशाख चढवून ती पंधरवडाभर ऑफिसात उड्या मारत होती. तीन वर्षं तिने या बाईपायी तहानभूक विसरून काम केलं.

सोमवारी मालक आले आणि म्हणाले, "नायक पुरुष करा."

"का, साहेब?" भाचीने विचारलं.

"खेळणारी पोरं स्वतःला बाई कशी समजतील?"

"मागच्या गेममध्ये हीच पोरं बेडूक झाली होती. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती."

"बेडूक चालतो," मालक गंभीरपणे म्हणाले. "शुक्रवारी गेम विकत घेणारे पाहुणे येतायत. त्यांना पुरुष पसंत पडला की तुझी बाई कायमची पुसून टाक."

या धंद्यात एक सोय आहे. आतली हाडं तीच ठेवून वरचं शरीर बदलता येतं. तासाभरात तारवालीच्या हाडांवर एक टकला, झुपकेदार मिशांचा पैलवान चढला. मी त्याचं नाव ठेवलं मिशाळ.

मंगळवारी मिशाळने खांबाखाली थांबून कानामागे केस सारले. टक्कल, आणि केस!

"माझी सवय आहे ती, मामा," भाची म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

बुधवारी त्याने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं.

"हे मी केलं नव्हतं," भाची म्हणाली. आता हसली नाही.

मी कंट्रोलर टेबलावर ठेवला. मिशाळ चालतच राहिला. एका भिंतीवर दरवाजाचं नुसतं चित्र होतं. आमच्याच ऑफिसातल्या जुन्या दरवाजाचा फोटो काढून भाचीने ते चिकटवलं होतं. तो खरा दरवाजा कधी उघडलेला कुणी पाहिला नाही. उघडणार कुठे म्हणा! पलीकडे तीन मजले खाली थेट रस्ता.

मिशाळ त्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात गेला. टक, टक, टक. वीतभर सरकला. टक, टक, टक.

"मामा, हे तर तुमचं..."

"गप्प बस. मोज."

नववी जागा दरवाजाची. तिथे दोनदा टक झालं. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही. मिशाळ आत गेला होता.

आणि बाहेर आली तारवाली! केस ओले, निथळत. आमच्या गेममध्ये केस ओले करायची सोयच नव्हती.

भाचीने माझा दंड असा दाबला की चार दिवस वळ राहिला. "मामा, आली! मी तिला काढून टाकलं होतं, तरी आली! वहीत लिहिणार?"

"पेन संपलंय," मी म्हणालो. खिशात दोन होती.

शुक्रवारी मालकांनी स्वतः कंट्रोलर घेतला. पाच पाहुणे, मोठा पडदा. मिशाळने दोन उड्या मारल्या आणि मालकांच्या बोटांना न जुमानता त्या भिंतीकडे निघाला. मालकांना घाम फुटला. नववी जागा. टक. टक.

तारवाली ओल्या केसांनी बाहेर आली, सरसर खांबावर चढली आणि अख्खं शहर उजळलं. चष्मेवाली पाहुणी खुर्चीवरून उठलीच. "ही असताना तो मिशीवाला कशाला पुढे केलात?"

"गंमत होती," मालक म्हणाले. "बाई माझीच कल्पना!"

भाचीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. गेमच्या मुखपृष्ठावर तारवालीच येणार, हे त्याच खोलीत ठरलं. आम्ही दोघं जिन्यात लहान पोरांसारखे नाचलो.

मिशाळ मात्र सापडला नाही. भाचीने सगळे कॉम्प्युटर धुंडाळले. फाईलचं नाव होतं, आत काहीच नव्हतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. मीही म्हणालो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी एकटाच. जुन्या दरवाजाच्या भिंतीतून, डाव्या कोपऱ्यात, आवाज आला.

टक, टक, टक.

मंगळवारी वीतभर पुढे.

तेव्हापासून रोज एक जागा. भाचीला सांगितलं नाही. पोरगी किती खुशीत आहे.

काल आठवी झाली.

आज नववीवर दोनच आवाज आले.