चाळीस सराव पाठ

नागपूरच्या शिक्षणमापन प्रयोगशाळेत डॉ. विद्याधर ठोसर एकच आकडा पुन्हा पुन्हा तपासत होते. २०६१ साली राज्यात फक्त एकेचाळीस नवे शिक्षक तयार झाले होते. बारा वर्षांपूर्वी, त्यांचा बोधमापक शाळांत बसला तेव्हा, दरसाल नऊ हजार होत.

बोधमापक म्हणजे बाकाला लावलेली बटणाएवढी चकती. मेंदूतल्या लहरी टिपून तास संपताच ती सांगे, मुलाला किती कळलं. वर्गाच्या सरासरीवरून शिक्षकाचा दायित्वांक निघे. तो तिसाखाली गेला की शिक्षक घरी.

अर्ज भरपूर येत होते. मग माणसं जात कुठे होती? ठोसरांच्या सहकारी, संख्याशास्त्रज्ञ रेहाना तांबोळी यांनी एका प्रशिक्षणार्थीलाच बोलावून घेतलं. चित्रा मडावी, अहेरीची. प्रमाणपत्रासाठी खऱ्या वर्गावर चाळीस सराव पाठ घ्यावे लागत. तिला दोन वर्षांत तीन मिळाले होते. नवख्याच्या तासाला मुलांना कमीच कळतं, आणि खड्डा पडतो तो वर्गशिक्षकाच्या दायित्वांकात.

"हेडसर म्हणाले, पोहायला शीक बाई, पण आमच्या विहिरीत नको," चित्रा हसत म्हणाली.

ठोसरांना हसू आलं नाही. त्यांनी स्वतः पहिलं वर्षभर भूमिती इतकी गोंधळून शिकवली होती की आज ते आठवड्यात घरी गेले असते. त्यांनी प्रणालीत एक ओळ घातली: प्रशिक्षणार्थीचा तास मोजू नये.

चित्राचे चाळीस पाठ तीन आठवड्यांत झाले. राज्याची सरासरी अकरा अंकांनी चढली. मंत्र्यांनी ठोसरांना शाल-श्रीफळ दिलं.

दिवाळीनंतर चित्राचा फोन आला. दोनशे पाठ झाले होते, तरी हेडसर प्रमाणपत्रावर सही करीत नव्हते. तिच्या वर्गात बावीस मुलं होती, सगळ्या तुकड्यांतली मागे पडलेली.

रेहानांनी नोंदी चाळल्या. ती ओळ घातली त्या जूनपासून तेरा हजार मुलं कुठल्याच मोजणीत नव्हती.

"सर, कच्ची मुलं न मोजलेल्या तासाला पाठवली की उरलेला वर्ग आपोआप वर येतो," त्या म्हणाल्या. "त्यासाठी प्रशिक्षणार्थी कायम प्रशिक्षणार्थीच राहायला हवा. शिक्षक झाला की तोही मोजला जाणार."

दायित्वांकच रद्द करा, असं पत्र ठोसरांनी तीनदा लिहिलं. तीनदा फाडलं. ही मोजणी हेच आयुष्यात त्यांनी केलेलं एकमेव काम होतं.

शेवटी त्यांनी चित्रालाच विचारलं. ती ओळ काढली तर मुलं पुन्हा मोजणीत येतील. पण तीही येईल: वर्ग तिच्याच नावावर असल्यानं झालेल्या तासांचा अंक तिच्याच खात्यावर पडेल, आणि अशा वर्गावर तो तिसाला पोचणार नाही.

"सव्वीस भरतो. मी हिशेब केलाय," ती म्हणाली. "काढा सर. इथे कोणाला काही कळलं काय, नाही कळलं काय, कोणी विचारतच नाही."

त्यांनी ओळ काढली.

सोमवारी मुलं आपापल्या तुकड्यांत परतली. चित्राचं नाव कामावरून वगळलेल्यांच्या यादीत आलं. तिचा निरोप आला: "आभारी आहे सर. निदान मुलांना मोजलंत."

ठोसरांनी तो रेहानांना दाखवला नाही. वार्षिक अहवाल सहीसाठी समोर होता. नवे शिक्षक या रकान्यात शून्य होतं. त्यांनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा एकदा तपासला आणि खाली सही केली.