अकरा उलट्या पाट्या

रविवारी सकाळी गल्ली जागी झाली ती आरडाओरड्यानेच. अकरा दारांवरच्या पितळी पाट्या कोणीतरी उलटवून लावल्या होत्या. प्रत्येक पाटीच्या पाठीवरचं जुनं आडनाव आता रस्त्याकडे तोंड करून होतं.

आडनाव असं, की पहिल्यांदा ऐकणारा ओठ चावून हसू दाबतो. कोण्या पूर्वजाच्या व्यंगावरून पडलेलं. एकेकाळी या गल्लीत खडा मारला तर तो याच आडनावाच्या माणसाला लागायचा, त्यामुळे हसणार कोण? मग एकदोघांनी ते बदललं. उरले त्यांच्यावर लोक जास्त हसू लागले, म्हणून त्यांनीही बदललं. आता ते एकट्या पाटीवाल्या काकांपाशी उरलं होतं. सगळ्यांच्या नव्या पाट्या काकांनीच केल्या होत्या, आणि पितळ महाग म्हणून जुन्याच पाट्यांच्या पाठीवर नवी नावं कोरून दिली होती.

पोलिसातली नोकरी सोडून खासगी तपास करणाऱ्या बाईंना गावभर वहिनी म्हणत, कारण त्यांची स्कूटर चालवणारे दीर त्यांना तशी हाक मारत. हे भावजी मनाने चांगले, डोक्याने जरा सावकाश.

वहिनींना बोलावलं होतं बँकेतल्या साहेबांनी. "संध्याकाळी मुलाकडचे येतायत, लेकीचं लग्न पक्कं करायला. त्यांनी हे पाहिलं तर नाक कापलं जाईल माझं! हे पाटीवाल्याचंच काम. त्याचं दुकान माझ्या जागेत आहे. पुरावा द्या, आजच कुलूप ठोकतो."

"तो तुमचा कोण?"

साहेब खिशातल्या किल्ल्या चाळवू लागले. "चुलतभाऊ. थोरला."

वहिनींनी अकराही दारं पाहिली. दहा पाट्यांवरचं जुनं आडनाव काळंकुट्ट पडलं होतं. साहेबांच्या पाटीवरचं लखलखत होतं.

"मोठ्या माणसाची पाटी मागूनही मोठी," भावजी म्हणाले.

घरातलं पितळ कोण घासतं, असं विचारताच साहेबांच्या बायकोने हात झटकले. "मी नाही बाई पितळेला हात लावत. पावडरीने पुरळ येतं. सगळं लेकच घासते."

"आणि साहेब?"

"त्यांनी उभ्या जन्मात चमचा तरी घासलाय का?"

लेक पाणी घेऊन आली.

"मुलगा पसंत आहे ना?" वहिनींनी विचारलं.

"मुलगा चांगला आहे."

"आणि त्याची माणसं?"

"मागच्या वेळी आली तेव्हा खूप हसली. काकाही होते तेव्हा." एवढं बोलून ती आत गेली.

काका दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले होते. लोक अंगावर धावून येतील म्हणून सकाळपासून त्यांनी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. वहिनींनी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मीच केलं."

"साहेबांची पाटीसुद्धा?"

"तीसुद्धा. सगळ्या मागून सारख्याच काळ्या. पुसत बसायला वेळ कुठे होता?"

"कबुली मिळाली!" भावजी खूश झाले. "चला, जेवायला मोकळे."

"तुम्ही जेवा," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी साहेबांच्या दिवाणखान्यात सगळे जमले; वहिनींनी काकांनाही आणलं होतं. साहेबांच्या हातात कुलूप होतं.

"ते ठेवा खाली," वहिनी म्हणाल्या. "काका खोटं बोलतायत. तुमची पाटी मागून लखलखीत आहे. ज्याने ती उलटवली त्याला हे दिसलंच असतं. काका म्हणतात, सगळ्या काळ्या. म्हणजे त्यांनी तिला हात लावलेला नाही, ते कोणाला तरी पाठीशी घालतायत. आता, भिंतीकडची बाजू उजळायची तर पाटी आधी उतरवून घासायला हवी. तुम्ही घासत नाही, तुमच्या बायकोला चालत नाही. या घरात पितळ घासणारं माणूस एकच आहे."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

"मागच्या वेळी मुलाच्या वडिलांनी दुकानावरचं आडनाव वाचलं आणि पोट धरून हसले," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, असेल कोणी, आमचा काय संबंध! आणि तुम्हीही हसलात. काका समोर बसले होते, बाबा. 'आमचे पाटीवाले, कामासाठी आलेत' अशी ओळख करून दिली होतीत तुम्ही त्यांची."

"अगं, पण सगळ्या गल्लीच्या पाट्या कशाला?" भावजींनी विचारलं.

"एकट्या आमच्या दारावर लावलं असतं तर लोक आणखी हसले असते. अकरा दारांवर असल्यावर कोण हसणार?"

साहेबांचा चेहरा उतरला. "दादा," बऱ्याच वर्षांनी त्यांनी ही हाक मारली, "तू ऐकलंस सगळं?"

"ऐकलं रे. त्याचं काही नाही." काका खालमानेने बोलत होते. "पाहुणे माझ्याकडे बघून हसत होते. तुझी पंचाईत नको म्हणून मीही हसलो. माझ्या बापाच्या आडनावाला हसलो, आणि पोरीने ते पाहिलं. तेव्हापासून तिला तोंड दाखवायची शरम वाटते. आज म्हटलं, मीच केलं म्हणून सांगावं. काहीतरी शिक्षा मला व्हायलाच हवी होती."

साहेबांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं.

बाहेर गाडी थांबली. पावलं दारापाशी आली आणि तिथेच अडखळली. कोणीतरी पाटी वाचत असावं. साहेब उठले. भावाच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत त्यांना अजून होत नव्हती.

"दादा," ते जमिनीकडे बघतच म्हणाले, "दार तू उघड. घरातला थोरला तू आहेस."