वाल्दोच्या गाडीतला वास

सोमवारी सकाळी यामिसेलने गाडी अंगणात घातली आणि उतरून दार धाडकन आपटलं, तेव्हाच एलिहियोने ओळखलं की आज पोरीचं काहीतरी बिनसलंय. एरवी ते दार ती हलक्या हाताने लावते. बावन्न सालची गाडी, बिजागऱ्या तिच्या आजोबांच्या काळातल्या. त्यांच्यावर राग काढून चालत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"काका, पेट्रोलचा वास येतोय," ती म्हणाली. "रेमेदिओसच्या अर्ध्या वाटेत दोन बायका उतरून गेल्या. एक म्हणाली, ही टॅक्सी आहे का पंप?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पंप असता तर बाहेर रांग दिसली असती."

एलिहियो हसला, पण ती हसली नाही. गुरुवारी गाडीची वर्षाची सरकारी तपासणी होती. तो तपासनीस गाडीत आधी नाक घालतो, मग डोळे, हे उभ्या काइबारिएन गावाला ठाऊक होतं. वास आला तर गाडी जागेवर बंद, आणि मायलेकींचं घर त्या गाडीवरच चालायचं.

यामिसेल त्याच्या धाकट्या भावाची, वाल्दोची मुलगी. गाडीही वाल्दोचीच. चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, क्युबातलं सगळंच संपलेलं असताना, वाल्दोने या गाडीचं इंजिन आणि टाकी काढून लाकडी होडीत बसवली आणि पाच माणसांबरोबर उत्तरेला, अमेरिकेकडे निघून गेला. यामिसेल तेव्हा चार वर्षांची होती. होडी कुठे लागली नाही, कुणाचा फोन आला नाही, पत्र नाही. गाडीचा सांगाडा पाच वर्षं विटांवर उभा होता. मग एलिहियोने भंगारातल्या एका जीपचं इंजिन आणि टाकी आणून ती पुन्हा रस्त्यावर आणली. गावाने त्याचं केवढं कौतुक केलं. भाऊ असावा तर असा, म्हणाले. ते ऐकताना त्याची मान खाली जायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

तर पेट्रोलचा वास. नवशिके नाक घेऊन गाडीभर हिंडत बसतात. एलिहियोची रीत वेगळी होती. इंजिन गार होऊ द्यायचं, बॅटरीची तार सोडवायची आणि टाकीपासून कार्बुरेटरपर्यंत प्रत्येक सांध्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. मग कॉफी घ्यायची. गळती थेंबभर असली तरी पावडर तिथे काळवंडते. अडुसष्टाव्या वर्षी डोळे अधू झाले होते, पण पांढऱ्यावरचा काळा डाग त्याला अजून दिसायचा.

डाग सापडला. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीकडे जाणाऱ्या रबराला आतल्या बाजूने चीर गेली होती. जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. त्याने ट्रॅक्टरच्या नळीचा तुकडा कापून बसवला, पट्ट्या आवळल्या, झाकणाचा वायसर बदलला.

"झालं. आता तपासनिसाला आत झोपायला सांग."

"तू आहेस म्हणून आहे रे काका," यामिसेल म्हणाली आणि त्याच्या टकलावर ओठ टेकवून निघून गेली.

मंगळवारी दुपारी ती परत आली. या वेळी दार आपटलं नाही.

"आहेच वास. फक्त मागे, डावीकडे. पुढे बसणाऱ्याला काही कळत नाही. आणि तिथली चटई ओली होते."

"कुणी पाणी सांडलं असेल."

"रोज?"

एलिहियोने चटई उचलली. पाणी थंडगार होतं, बाहेर ऊन रणरणत असताना. त्याने बोट जिभेला लावलं. खारट. त्याने स्वतःची समजूत घातली: किनाऱ्याच्या रस्त्यावर लाट येते, चाकं पाणी उडवतात, जुन्या पत्र्याला भोकं असणारच. त्याने वाकून पत्रा तपासला. चार वर्षांपूर्वी त्यानेच वेल्डिंग केलेला तो पत्रा धड होता.

मग तो मागच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं आणि श्वास घेतला.

हा आजच्या पेट्रोलचा वास नव्हता. यात रॉकेल होतं. चौऱ्याण्णव साली निम्मं रॉकेल घातल्याशिवाय पेट्रोल मिळायचंच नाही, आणि तो उग्र, डोळ्यांत चुरचुरणारा वास एलिहियोने वीस वर्षांत पुन्हा कधी घेतला नव्हता. तो उतरला. यामिसेल त्याच्याकडे बघत होती.

"काय झालं? तोंड का उतरलं?"

"काही नाही. गाडी इथेच ठेव. उद्या टाकी खाली घेतो."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. त्याच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती.

क्युबातल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, टाकीला बारीक भोक पडलं तर काय करायचं. तो म्हणेल, साबण. कपड्यांचा पिवळा साबण घ्यायचा, चांगला मळायचा आणि अंगठ्याने भोकात दाबून बसवायचा. पेट्रोल त्याला विरघळवत नाही, उलट तो दगडासारखा घट्ट होतो. अशा टाक्या वर्षानुवर्षं चालतात. निघायच्या आदल्या दिवशी वाल्दो म्हणाला होता, "दादा, टाकी खालच्या शिवणीला पाझरतेय, बघ जरा." एलिहियो त्याच्यावर चिडलेला होता. बायकोपोरीला टाकून निघालेल्या भावाशी त्याला बोलायचंही नव्हतं. साबण तेव्हा सोन्याच्या भावाचा. तो वाल्दोच्या न्हाणीत गेला, तिथली अर्धी वडी मोडून आणली, भोकात दाबली आणि हात पुसत म्हणाला, "जा आता."

तिसऱ्या दिवशी मोरीत हात धुताना बोटांमधून साबण विरघळून वाहताना त्याने पाहिला आणि तो तिथेच खाली बसला. रस्त्यावर टाकीला पाणी लागत नाही. होडीत टाकी तळाला ठेवतात, आणि होडीच्या तळाला समुद्राचं पाणी साचलेलं असतं. आयुष्यभर त्याने फक्त रस्ताच पाहिला होता. एवढी साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, की रागात लक्ष द्यायचंच नव्हतं, हे त्याचं त्यालाही कधी ठरवता आलं नाही.

बुधवारी सकाळी त्याने बॅटरी उचलून बाकावर ठेवली, पेट्रोल कॅनमध्ये काढलं आणि टाकी खाली घेतली. जीपची टाकी, त्यानेच भंगारातून निवडलेली, एकही भोक नसलेली. त्याने ती उलटी केली. खालच्या शिवणीवर, बरोबर मधोमध, पिवळ्या साबणाची गोळी दाबून बसवलेली होती.

"यामिसेल, हे तू केलंस?"

"मी? मला त्यातलं काय कळतं? तूच लावला असशील. वय झालं काका, विसरायला लागलास."

साबण ओला होता. त्यावर अंगठ्याचा ठसा होता, आणि ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती. एलिहियोच्या डाव्या अंगठ्यावर तशीच तिरकी खूण होती. ऐन तिशीत हातोडीखाली सापडला होता तो. यामिसेलची पाठ वळल्यावर त्याने अंगठा ठशावर ठेवला. तंतोतंत बसला.

त्याने तिला कॅन देऊन बळेच घरी पाठवलं.

दुपारी तिची आई आली. एनेदिना रोज त्याला जेवण आणायची, विधुर दिराला दोन घास मिळावेत म्हणून. काळ्या घेवड्याचा भात आणि तळलेली केळी. ताट बाकावर ठेवून ती गाडीपाशी गेली, आणि एलिहियोने काही म्हणायच्या आत मागचं दार उघडून आत बसली. डावीकडे.

"वीस वर्षांत बसले नव्हते यात," ती म्हणाली. "खरंच येतो रे वास."

"उतर. डोकं दुखेल."

"दुखू दे. तू बस की पुढे."

तो चालकाच्या जागी बसला. टाकी अंगणात उलटी पडली होती, बॅटरी बाकावर होती, तारा लोंबत होत्या. समोर पेट्रोलचा काटा भरलेल्या खुणेवर उभा होता.

"त्याला काय म्हणाले होते मी, आठवतं ना?" एनेदिना मागून बोलत होती. "जातोस तर जा, परत तोंड दाखवू नकोस. दारात उभी राहून, पोरीसमोर. माझीच जीभ भोवली त्याला."

हे ती दर वर्षी ऑगस्टमध्ये म्हणायची, आणि दर वर्षी एलिहियो मूग गिळून बसायचा.

"एकच बरं वाटतं," ती म्हणाली. "जाताना न्हाणीतला अर्धा साबण घेऊन गेला. मी रागावलेली होते तरी माझ्याच घरातली वस्तू बरोबर नेली. पलीकडे उतरून, तोंड धुऊन, माणसासारखं लोकांत जायचं होतं त्याला. तेवढं आठवलं की झोप लागते मला."

काटा हलला. आधी तीन चतुर्थांशावर आला. थांबला. पुन्हा खाली.

वास इतका वाढला की एलिहियोच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठेतरी खूप खाली, पत्र्यावर पाणी चुबुकत होतं.

"पाय ओले झाले," एनेदिना सावकाश म्हणाली.

काटा अर्ध्यावर आला.

"तुझ्या जिभेने काही झालं नाही," एलिहियो म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "टाकी मी दुरुस्त केली होती. गळत होती, त्याने मला दाखवली आणि मी चुकीची दुरुस्त केली. पाण्याने ती सुटली असणार, रात्रीतच. पेट्रोल सगळं वाहून गेलं असणार. मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून माहीत आहे मला."

मागे सीटची स्प्रिंग करकरली.

"कशाने दुरुस्त केली होतीस?"

काटा पाव खुणेवर होता.

सांगितलं असतं तर तिची ती झोपही गेली असती. वीस वर्षांत त्याने तिच्याकडून एवढं काही हिरावून घेतलं होतं, की हे एक त्याच्याने घेववेना.

"लांबीने," तो म्हणाला. "खिडकीच्या काचेला लावतात ती."

काटा तिथेच थांबला.

एनेदिना उतरली. पुढच्या खिडकीपाशी येऊन तिने त्याचा चेहरा पाहिला. त्याला वाटलं, आता ही थोबाडीत देईल, आणि द्यावी असंही वाटलं. तिने नुसता खिडकीवर हात ठेवला.

"वीस वर्षं मला बोलू दिलंस," ती म्हणाली. "दर वर्षी. समोर बसून ऐकत होतास."

"हो."

"जेवून घे. भात गार होतोय."

ती गेली. एलिहियोने मागे पाहिलं. चटई कोरडी होती आणि वास नव्हता. त्याने अंगणात जाऊन टाकी पाहिली. शिवणीवर साबण नव्हता, कधी असल्याची खूणही नव्हती. मग तो बाकावर बसून म्हातारपणातलं लाज सोडलेलं रडणं रडला, आणि नंतर तो गार भात त्याने खाल्ला.

गुरुवारी तपासनिसाने गाडीत डोकं घातलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "एवढी स्वच्छ गाडी तर माझी पण नाही." यामिसेलने ही बातमी गल्लीभर सांगितली. काटा तेवढा पावावर अडकलाय, टाकी भरली तरी हलत नाही, असं ती म्हणाली. एलिहियो म्हणाला, जुनं यंत्र आहे, राहू दे.

तीन दिवस एनेदिनाने जेवण पाठवलं, यामिसेलच्या हाती. रविवारी निरोप आला की कॉफीला ये. एलिहियोने दाढी केली, धुतलेला सदरा घातला. एनेदिना शांत दिसत होती. डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं.

"झोपले रे या आठवड्यात," तिने कप पुढे ठेवत सांगितलं. "खूप वर्षांनी, रात्रभर. तुझा राग आहेच, तो जायचा नाही. पण झोपले."

त्याने कॉफी घेतली. साखर नेहमीसारखी जास्त होती, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की आता उरलेली वर्षं आपल्याला या घरात मान वर करून बसता येईल.

"थांब, तुला एक विचारायचंय," एनेदिना म्हणाली आणि न्हाणीत गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या ओल्या हातात साबणाची वडी होती. पिवळी, कपडे धुण्याची. सकाळीच उघडली होती, ती म्हणाली, यामिसेल तर पहाटेच गाडी घेऊन गेली, घरात दुसरं कुणी नाही. वडी मधून मोडलेली होती. अर्धा भाग नव्हता. मोडलेल्या कडेवर अंगठ्याचा ठसा होता, आणि त्यातून एक तिरकी रेघ गेलेली होती.

एलिहियोने डावा हात टेबलाखाली घेतला.

एनेदिनाने वडी नाकाशी नेली. मग त्याच्याकडे पाहिलं.

"याला रॉकेलचा वास का येतोय, एलिहियो?" तिने विचारलं, आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.