ताटाची कड

पेणच्या टेकडीवरच्या प्रकाश-प्रयोगशाळेत शरयू बखले सकाळी साडेदहाला पोचल्या, तेव्हा बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली होती. शरयूबाईंनी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून त्या आत गेल्या. माणसं न्याहाळण्यावाचून दुसरा धंदा न केलेल्या बाईला हे जमलं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

वय एकाहत्तर. घरी वाट पाहणारं कुणी नाही. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांचा गठ्ठा बसलेला. पण नाव मोठं. 'कात्री न लावणारी बाई' अशीच त्यांची ख्याती होती. आपल्या प्रत्येक छायाचित्राभोवती त्या बारीक काळी रेघ ठेवत. तिचा अर्थ असा, की जे टिपलं ते सगळं इथे आहे, केसभरही कापलेलं नाही. नवख्या छायाचित्रकारांना त्या रेघेवरून त्यांनी इतकं ऐकवलं होतं, की पोरं त्यांना पाहून कॅमेरे लपवत.

आणि आज त्याच शरयूबाई कात्री लावायला आल्या होत्या.

यंत्रांनी बनवलेल्या खोट्या छायाचित्रांचा सुळसुळाट झाला, तेव्हा सरकारने एकप्रत कायदा आणला. प्रत्येक माहितीपर छायाचित्राची एकच प्रत खरी मानायची. ती कोणती, ते काढणाऱ्याने अंगठा लावून सांगायचं. मग ती अक्षयसंग्रहात जाणार आणि बाकीच्या सगळ्या प्रती जगभरातून पुसल्या जाणार. आज 'शेवटचा माणूस' या छायाचित्राची पाळी होती.

बत्तीस वर्षांपूर्वी खारबोरी गावात समुद्र शिरला आणि गाव उठून कँपात गेलं. मागे राहिला तो म्हातारा काथोड म्हात्रे. घरात घोटाभर पाणी, ओली भिंत, खाटेवर काथोड एकटा. फोटो काढल्यानंतर पाचव्या दिवशी भरतीने घर नेलं आणि त्यालाही नेलं. छायाचित्र मात्र जगभर गेलं, पाठ्यपुस्तकांत गेलं. त्याच्या उजव्या काठावर दोन बोटं रुंद अशी एक चमक होती. स्टीलच्या ताटाची कड.

"संग्रहाच्या संचालकांचं पत्र तुम्ही वाचलंच असेल," डॉ. नौशाद मुजावर म्हणाले. प्रयोगशाळा त्यांची. "ती चमक डोळ्यांत खुपते म्हणतात. कापाल तर बरं, असा त्यांचा आग्रह आहे."

"आणि बाहेर बसलीय तिचा?"

"हर्षदा म्हात्रे. काथोडची मुलगी. तिने वाचनासाठी अर्ज केलाय."

"हे वाचन म्हणजे काय, ते नीट सांग मला."

"तुम्हाला मी काय सांगणार, शरयूताई! लाल साडी नेसलेली बाई पांढऱ्या भिंतीजवळ उभी राहिली, तर भिंत जराशी तांबूस होते. होते ना?"

"होते. आम्ही त्याला उसना रंग म्हणायचो."

"आमचा काठवाचक उसने रंग ज्याचे त्याला परत करतो. चौकटीबाहेर जे जे उभं असतं, त्याच्यावरून उडालेला थोडा उजेड चौकटीतल्या वस्तूंवर पडतोच. त्यावरून उलटं गणित मांडायचं आणि बाहेरचं काय ते काढायचं. तुमच्या फोटोत तर ताटच आहे. ताट म्हणजे वाकडा आरसा. त्याच्या कडेच्या एका वळणात ताट धरणारी व्यक्ती आहे, दुसऱ्यात कॅमेरा धरणारी."

शरयूबाईंनी विचारलं, "आणि कड कापली तर?"

"उरते ओली भिंत. कुणीतरी उभं होतं एवढं कळेल. बाई की खांब, ते नाही कळणार. आणि पुरावा म्हणून चालतं ते अंगठा लावलेल्या प्रतीचंच वाचन. त्यामुळे काय ते तुम्ही ठरवायचं."

शरयूबाई पाणी प्यायला म्हणून बाहेर आल्या. खरं म्हणजे त्यांना पळून जायचं होतं.

रेघ खोटी नव्हती. त्यांनी काही कापलं नव्हतं. कापायची गरजच पडली नव्हती, कारण डावा हात वर करून त्यांनी त्या मुलीला आधीच म्हटलं होतं, "जरा बाजूला हो." ताटाची कड तेवढी चुकून आत राहिली. नियमाच्या अभिमानापायी बत्तीस वर्षं त्यांनी ती कापली नाही, आणि अभिमानाने सांभाळलेलं तेच आता त्यांच्यावर उलटलं होतं. कापावी तर नियम मोडेल, पण लाज झाकली जाईल. लोक म्हणतील, म्हातारपणी बाई जरा नरमल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बाय, वलखला का मना?" बाकावरून आवाज आला.

साठीची बाई, हात मिठागरात काम केल्यासारखे भेगाळलेले. शरयूबाईंनी मान डोलावली.

"ओहोटी लागली का मी कँपातून चिखल तुडवत जायची, भात घेऊन. रोज. पर लोकं फोटो दाखवतान. सांगतान, बापूस एकलाच बसलाय, तू कुठं होतीस? पोरीनं बापाला पान्यान सोडला. सख्ख्या भावानं लग्नाला बोलवला नाय मना." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमच्यावर राग नाय. मी होती तथं, एवरा दिसला पायजे. बस."

शरयूबाईंना एकदम फार एकटं वाटलं. आपण कुठे होतो, हे विचारणारं माणूसही आपल्याला नाही, असं त्यांच्या मनात आलं.

त्या आत गेल्या आणि न कापलेल्या प्रतीवर त्यांनी अंगठा लावला. "बोलाव तिला," त्या म्हणाल्या.

काठवाचकाला वीस मिनिटं लागली. मग भिंतभर पडद्यावर ती खोली उलगडू लागली. मधोमध खाटेवरचा काथोड, जगाला माहीत असलेला. डाव्या टोकाला कॅमेऱ्यामागची एकोणचाळीस वर्षांची शरयू, हात वर, तळवा उघडा. ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तशी. मुजावरांनी नजर दुसरीकडे वळवली. शरयूबाईंनी ती शिक्षा म्हणून पाहिली आणि सोसली.

मग उजवीकडून मुलगी स्पष्ट होत गेली. हाकललेल्या माणसाचा पडलेला चेहरा दिसेल, अशी शरयूबाईंची तयारी होती. तसं नव्हतं. हर्षदाने ताट कमरेशी टेकवून धरलं होतं, ओढणी सारखी केली होती, दुसऱ्या हाताने केस कानामागे घेतले होते. ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती आणि लाजत हसत होती.

"ही... तू हसतेयस कशाला?" शरयूबाईंनी विचारलं.

"तुमी बोललाव, जरा बाजूला हो. मना वाटला, आदी बाबाचा काढतान, मंग आमचा दोघांचा. म्हनून केस नीट केले." हर्षदा पडद्यापासून नजर काढत नव्हती. "तुमी बॅग उचलली न् होरीत बसलाव. बाबा बोलला, येल ती परत. आपला दोघांचा ऱ्हायलाय. मी कँपात चल म्हनायची, तर बोलायचा, आजचा दिस थांबू, बाय येल."

पाच दिवस, शरयूबाईंनी मनात मोजले. त्या पाच दिवसांत त्या मुंबईत होत्या आणि वर्तमानपत्राचा फोन यायची वाट बघत होत्या.

हर्षदा पडद्याजवळ गेली. बापाच्या खांद्यापासून स्वतःच्या ओढणीपर्यंत तिने बोट फिरवलं.

"आमचा एकत्र फोटो नाय कुटलाच. ह्यो कागदावर मिलल का?"

"मिळेल की," मुजावर म्हणाले. "पुराव्याची मूळ प्रत कायद्याने जशीच्या तशी राहील. पण वाचनातून निघालेल्या चित्राला तो कायदा नाही, ते तुम्हाला हवं तसं छापून देतो."

"आख्खा नको." ती शरयूबाईंकडे वळली. "जरा कापून द्याल?"

मुजावर पुढे झाले, तसं शरयूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः यंत्रासमोर बसल्या. कापायची रेघ कशी सरकवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, मुजावरांनी दाखवलं.

"कुठून कापू?" त्यांनी विचारलं.

"तुमी हाव तथून," हर्षदा म्हणाली.

शरयूबाईंनी रेघ स्वतःच्या आणि काथोडच्या मधे आणली आणि कापलं.