कोरडं चाक

फोन आला तेव्हा सुविधा बेळगावातल्या कचेरीत एका चेपलेल्या रिक्षाचे फोटो बघत बसली होती. अपघातातल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल देणं हे तिचं काम. माणसं गाड्यांबद्दल किती तऱ्हांनी खोटं बोलतात, हे तिच्याइतकं शहरात क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

"मॅडम, वडगावातनं मंथन बोलतोय. तुमच्या वडिलांस्नी सांगा, शनिवारी मी पोलिसात जाणार. तीनदा सील बदललं म्हणत्यात, आज परत गाडीखाली तेल!"

शनिवार परवावर आला होता. सुविधानं रिक्षाचे फोटो बाजूला सारले आणि स्कूटर काढली.

मच्छेला तिच्या वडिलांचं, भीमरत्नचं गॅरेज. एरवी दारात सात-आठ गाड्या उभ्या असायच्या. आज एकही नव्हती. मंथननं गाडीवाल्या पोरांच्या ग्रुपवर तेलाच्या थारोळ्याचा व्हिडिओ टाकला होता, आणि खाली लिहिलं होतं, 'भीमरत्नच्या हातचं काम'. लोक एकेक करून आपापल्या गाड्या घेऊन गेले. तीस वर्षांचं नाव तीन दिवसांत मातीत गेलं होतं.

भीमरत्न रिकाम्या बाकावर बसून पाना पुसत होता. पुसताना तो पाना नाकाशी धरत होता, ते सुविधानं बघितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यानं दोनदा पुढं ढकललं होतं.

"आप्पा, सील तुमीच बसवलं?"

"मग काय शेजाऱ्यानं?"

"तिन्ही वेळा?"

"व्हय गं. उलटतपासणी घेतीस काय बापाची?"

मंथनची ती मोटरसायकल मुलखावेगळी होती. चाळीस वर्षांची, परदेशी, चेन नसलेली. इंजिनाची ताकद एका नळीतल्या दांड्यावरून मागच्या चाकापर्यंत जायची. चाकाला लागून दातेरी चाकांचा एक डबा. त्या डब्यात जाड तेल, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून चाकाच्या बाजूला एक रबरी सील. गळती होती ती तिथली.

"डब्यातलं तेल किती कमी झालतं?"

"तिथंच तर घोडं पेंड खातंय," भीमरत्न म्हणाला. "तिन्ही वेळा झाकण उघडलं, तिन्ही वेळा काठोकाठ. थेंबभर कमी न्हाय."

"घरात कुणी वरनं भरलं असंल."

"झाकणावर माझी खूण हाय की."

ही खूण सुविधाला लहानपणापासून ठाऊक होती. बोल्ट आवळला की भीमरत्न त्याच्यावरून आणि डब्यावरून लाल नेलपॉलिशची एकच रेघ ओढायचा. बोल्ट जरा फिरवला की रेघ तुटलीच. पहिली बाटली त्यानं सुविधाच्याच कपाटातून ढापली होती.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "ते सील गेलं की तेल आधी चाकावर येतंय. टायर भिजतो. भुईवर मागनं."

सुविधानं मान डोलावली. पण मनात पाल चुकचुकलीच. ती केसाएवढी रेघ आप्पांना आता दिसते तरी का? सील तिरकं बसलं तर कळतं का? बापावर संशय घेताना तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरी संशय जाईना.

दुपारी ती वडगावला पोहोचली. पुढच्या खोलीत साड्यांचे माग खडखडत होते, बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी. मंथन होता, त्याचे वडील केदारी होते, आणि ओसरीवर चहा पीत निपाणीचा रवळू बसला होता. जुन्या गाड्या सुट्या भागांसाठी विकत घेणं हा त्याचा धंदा.

"तुमी इथं कसे?" सुविधानं विचारलं.

"गाडी बघाय आलतो. तिसऱ्यांदा."

"व्हिडिओ बघून?"

"त्याच्या आधी पण आलतो की," रवळू हसला. "गाडी लई दिवस डोळ्यांत भरलीया. आता गळतीया म्हटल्यावर स्वस्तात पडंल."

सुविधाला त्याचं हसू आवडलं नाही.

"मी न्हाय विकत," मंथन तडकला. "रविवारी गोव्याला निघालोय मी. दोस्ताबरोबर पाहुण्यांस्नी गाडीवरनं फिरवायचा धंदा काढतोय."

"आणि माग?"

"बाबा हाईत की."

केदारीचा चेहरा उतरला, पण पुढच्याच क्षणी तो सुविधावर घसरला. "ह्या असल्या गाडीवर पोरगं घाटात उतरणार! ज्याला धड दिसत न्हाय, त्यानं पाना धरावाच कशाला? तुझ्या बापाला कुलूप लाव म्हणावं गॅरेजला!"

शब्द काळजात रुतले. सुविधा गाडीजवळ गुडघ्यांवर बसली. लाल रेघ तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. अखंड होती. टायरवर तिनं बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ लागली. एवढ्यात तिची पांढरी ओढणी खालच्या थारोळ्यात लोळली आणि हातभर डाग पडला.

"अरे देवा," ती पुटपुटली.

"ऱ्हाऊ दे पोरी," केदारी सवयीनं बोलून गेला. "साध्या साबणानं जातंय."

तिनं मंथनकडून रॉकेल मागितलं, सगळा डबा धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि पर्समधली पावडर त्याच्यावर सगळीकडून शिंपडली. खाली कोरा पुठ्ठा अंथरला. "उद्या सकाळी आठला येते. गळलं तर पावडरीवर वाट दिसंल. रवळूअण्णा, तुमी पण या."

घरी येऊन तिनं ओढणी धुतली. नंतर ती दोरीवरच्या ओढणीकडं किती तरी वेळ बघत उभी राहिली, आणि मग तिनं मंथनला फोन लावला.

"माग कितीला चालू करता?"

"सातला. सहाला बाबा तेल देत्यात. का?"

"काय न्हाय. सहजच."

शुक्रवारी सकाळी पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग होता. केदारी कमरेवर हात ठेवून उभा. "बघितलं? गळलं का न्हाय?"

सुविधा भीमरत्नला सोबत घेऊन आली होती. ती गाडीशेजारी खाली बसली.

"मंथन, पावडर बघ. चाकाच्या बाजूला कशी हाय?"

"कोरडी. जशीच्या तशी."

"सील तिकडंच हाय. ते गळलं असतं तर आधी तिकडची पावडर भिजली असती, मग टायर. आता बाहेरची बाजू बघ. ओघळ कुठनं निघालाय?"

मंथननं वाकून बघितलं. "वरनं. डब्याच्या डोक्यावरनं."

"तिथं सील न्हाय, सांधा न्हाय, नुसतं सपाट लोखंड हाय. डब्यातलं तेल काठोकाठ, झाकणाची रेघ अखंड. हे तेल गाडीचं न्हवंच. वरनं कुणीतरी ओतलंय."

सगळ्यांनी रवळूकडं बघितलं. तो ताडकन उठला. "माझ्याकडं काय बघताय? मी आत्ता आलोय निपाणीस्नं!"

"बसा, रवळूअण्णा. तुमी ओतलं असतं तर गाडीचं तेल ओतलं असतं. ते गंधकासारखं घाण वास मारतंय आणि त्याचा डाग जन्मात जात न्हाय. माझ्या आईचं आयुष्य आप्पांचे शर्ट घासण्यात गेलं. आणि माझी ही ओढणी बघा."

तिनं ओढणी उलगडली. पांढरी स्वच्छ होती.

"एका साबणात निघाला डाग. साडीवर उडालं तरी धुऊन जाईल असं तेल फक्त मागाला घालत्यात. आणि डाग साबणानं जातो, हे मला धुवायच्या आधीच एका माणसानं सांगितलं. तेल गाडीचं आहे असं खरंच वाटत असतं, तर तो असं बोलला नसता."

मंथन हळूहळू वडिलांकडं वळला. "बाबा?"

केदारी मागांच्या खोलीकडं बघत राहिला.

"आणखी एक," सुविधाचा आवाज खाली आला. "इतक्या वेळा तेल ओतलं, पण टायरवर एक थेंब पडू दिला न्हाय. वैऱ्यानं एवढं जपलं नसतं. पोरगं घसरू नये, पण जाऊ पण नये, असं वाटणाऱ्याचं हे काम."

केदारी मटकन खाली बसला. "एकुलतं एक पोरगं हाय," तो म्हणाला. "गाडी खराब म्हटलं की जाणार न्हाय वाटलं. माग कुणासाठी चालवू मी?"

"म्हणून माझं नाव बुडवलं?" भीमरत्न पुढं झाला. "आंधळा म्हणालास मला, केदारी. चारचौघांत. कानावर आलंय माझ्या."

केदारीला मान वर करता येईना. मंथननं फोन काढला. "काका, व्हिडिओ काढून टाकतो."

"काढू नको," भीमरत्न म्हणाला. " त्याच ग्रुपवर तुझ्या बाबाला बोलू दे."

केदारी बोलला. अडखळत, डोळे पुसत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलला. मग त्यानं सुविधाला विचारलं, "पोरगं आता जाणारच काय गं?"

"ते त्यालाच विचारा, काका. गेला तर गाडी धोका देणार न्हाय. आप्पांनी दुरुस्त केलीया."

परतताना भीमरत्न स्कूटरवर मागं बसला होता. रेल्वेफाटक बंद होतं. थांबल्यावर तो म्हणाला, "तुला पण वाटलंतं न्हवं, माझी नजर गेली म्हणून?"

सुविधाला खोटं बोलता आलं असतं. "व्हय आप्पा," ती म्हणाली. "चुकले मी."

"चुकलीस कुठं? गेलीच की नजर. सोमवारी दवाखान्यात ने मला." त्यानं उजव्या हाताचा अंगठा तिच्यापुढं धरला. नखाच्या टोकावर लाल रंगाचा कण होता. "पण ती रेघ मी दोन वर्षं झाली, नखानंच बघतोय."