काट्यावरची मोठी डिस्क

बस की रं गड्या, बाकड्यावर. लायट यायला अजून अर्धा तास हाय, तवर एक सांगतो. आयुष्यभर मी लोकांची थट्टा केली, पर ह्या खेपंला तुजी करत न्हाई. आता दर खेपंला मी हेच म्हणतो, ती गोष्ट येगळी.

कोरेगावच्या रस्त्याला उसाचा वजनकाटा हाय, तितं मी राखणीला. मला वाचाया येतात ते फकस्त आकडं आन येष्टीच्या पाट्या. काट्याच्या कडंला पत्र्याची खोली. एक दार, गजाची एक खिडकी. आत कंप्युटर. गाडीचं वजन त्यात जातं, आन खोलीत छताला कॅमेरा हाय, त्याची फिल्म बी त्यातच भरती. हे सगळं बघायचा आमचा अर्जुना. अठरा वरसं बसला त्या खुर्चीत.

आमच्या दोघांचं लय चालायचं. त्यो ट्रॉली मोजाया लागला की मी हळूच मागनं काट्यावर हुबा ऱ्हायचो. साठ किलो ऊस वाढायचा. त्यो खिडकीतनं म्हणायचा, आबा उतरा, तुमच्यात रस उरला न्हाई, कारखाना परत धाडंल. त्यो बी काय साधा न्हवता. एकदा माज्या चपला उसात खुपसून कारखान्याला लावून दिल्या हुत्या त्यानं.

औंदा शिमग्याच्या आधीची गोष्ट. शेवटच्या गाड्या चालल्या हुत्या. भर दुपारी त्यो आत डबा खाया बसला, आन मी भाईरनं कडी घातली. खिडकीत जाऊन दात काढलं. म्हणलं, चा पिऊन येतो, मंग काढतो. हाटेलात गेलो. त्याचा फोन आला, उचलला न्हाई. तीनदा वाजला. हाटेलवाल्याला दावून हसलो बी. पाऊण तासानं आलो तर अर्जुना टेबलावर डोकं टेकून. हात गार.

मी आधी कडी काढली, आन मंग वरडलो.

डाक्टर म्हणला काळजाचा झटका. लोक म्हणलं, बसल्या जागी गेला, पुण्यवान. त्याच्या फोनात माजं नाव तीनदा हुतं. त्याच्या बायकूला, भामाबाईला, मी म्हणलं, फोन खाटंवर ऱ्हायला हुता गं. कडीचं कुणाला बोललो न्हाई. घरात मनुबाईला बी न्हाई. चाळीस वरसं संसार केलाय तिच्यासंगं.

ह्या दिवाळीनंतर मालक म्हणला, गाड्या सुरू हुत्याल, कंप्युटर चालू व्हायलाच अर्धा तास घेतोय. मंग वडूजवरनं अमीरला बोलावला. पोरगा हुशार, ह्या कामात धा वरसं काढल्यात. म्हणला, डिस्क काठोकाठ भरलीया, चौपट मोठी टाकू. मी इचारलं, मंग आतलं सगळं जाणार म्हण की. माज्या मनात तेच हुतं बघ. तर त्यो हसला.

"न्हाई आबा. ह्याची हुबेहूब नक्कल त्यात उतरायची. आत जे जे हाय ते सगळं जातं. एक कण ऱ्हात न्हाई."

तेवढ्यात भामाबाई आली. तिला कुणी सांगितलं काय म्हाईत. पदर डोक्यावर घिऊन दारातच हुबी ऱ्हायली. अमीरला म्हणली, बाबा, त्या दिवसाची फिल्म आसंल का रं ह्यात? त्यास्नी लय तरास झाला का, कुणाला हाक मारली का, तेवढं बघायचंय. आठ म्हयनं झालं, झोप न्हाई. अमीर म्हणला, जुन्या डिस्कवर उघडत न्हाई काकी, नवीवर उघडंल, सांजच्याला या.

म्हंजे सांजच्याला भामाबाई खिडकीतलं माजं थोबाड बघणार, दात काढल्यालं.

अमीरनं नवी डिस्क वायरनं जोडली, काम लावून दिलं. पडद्यावर एक पट्टी, तिच्या म्होरं आकडा. शुक्रवार हुता. म्हणला, नमाजाला कोरेगावात जाऊन येतो आबा. शंभर हुईपातूर हात लावू नका, मधीच तुटलं तर सगळं बिघडंल. मी म्हणलं, जा निवांत.

फटफटीचा आवाज लांब गेला, तसा मी आत शिरलो. एकतीस आकडा हुता. वायर कुठली ती बघून ठिवल्याली. म्हणायचं, उंदरानं वडली. वाकलो, हात घातला... आन मागं दार लागलं.

कर्र... खट.

कडी. भाईरनं.

मला वाटलं अमीरच परत आला, थट्टा करतोय. म्हणलं, अमीर, काढ रं. कोण बोलंना. खिडकीतनं बघितलं तर रस्ता मोकळा. फकस्त उसाचं तुरं हालत हुतं. पत्र्याची खोली, दुपारचं ऊन, आत आंग शिजाया लागलं. आन वास यायला लागला. मिरचीचा खरडा आन ज्वारीची भाकरी, आत्ताच फडकं सोडल्यागत. आठ म्हयनं त्या खोलीत कुणी डबा सोडला न्हवता गड्या.

माजा फोन भाईर लिंबाखाली, खाटंवर. त्यो वाजाया लागला. डोळ्याला दिसतोय, हात पोचत न्हाई. थांबला. परत वाजला. थांबला. तिसऱ्यांदा वाजला.

मी वायरीचं इसरलोच. टेबलाला धरून हुबा ऱ्हायलो. वजनाचा लाल आकड्याचा डबा भितीला हाय, त्यो कंप्युटर बंद आसला तरी चालतो. मोकळ्या काट्यावर त्यानं शून्य दावाया पायजे. सत्तर दावत हुता. अर्जुना सत्तर किलोचा हुता, आमी कैकदा मोजल्याला.

म्हणलं, अर्जुना... चुकलं रं माजं.

आकडा बदलला. एकशेतीस झाला. सत्तर आन साठ.

माजं वजन काट्यावर, आन मी आत.

मंग खिडकीच्या भाईरनं, अगदी गजाला लागून, कुणीतरी बोललं. दिसलं कुणी न्हाई. "चा पिऊन येतो... मंग काढतो."

आवाज माजा हुता. दात काढून बोलल्याला.

लाल आकडा शून्यावर आला. गेलं दोघं. पुढचं काय सांगू. दार बडवलं, हाताची सालटी निघाली. छातीत कळ यायला लागली, डाव्या आंगाला, आन तवा मला कळलं त्या माणसानं पाऊण तास कसा काढला आसंल. पडद्यावर बघायचो. साठ. एकसष्ट. बघितलं की हालत न्हाई, नजर काढली की हालतो. माज्या डोस्क्यात एकच, हे शंभर झालं की माजं काय हुणार.

शंभर झालं आन कडी निघाली. दारात अमीर, डोक्यावर टोपी तशीच.

"आबा, कडी कुणी घातली?"

म्हणलं, वाऱ्यानं. त्यो माज्या हाताकडं बघत म्हणला, वारा लय ताकदीचा हाय तुमच्याकडं.

सांजच्याला भामाबाई आली. नवी डिस्क घातल्यावर कंप्युटर चुटकीसरशी चालू झाला. अमीरनं त्यो दिवस काढला. अर्जुना डबा सोडतोय, भाकरी मोडतोय... आन पडदा काळा. अमीर म्हणला, बारा वाजून धा मिन्टाला जुनी डिस्क भरली काकी, तितनं म्होरं फिल्मच न्हाई. म्हंजे कडीच्या आधीच तुटली. माज्या जिवात जीव आला. भामाबाई डोळं पुसत गेली, आन मी अमीरला पेशल चा पाजला. सुटलो म्हणलं.

चार दिसांनी भामाबाई घरी आली. मला भाईर बोलावलं, आन वाकून माज्या पाया पडली. मला कळंना.

"आबा, तुमी आत हुता त्यांच्यासंगं. आठ म्हयनं सांगितलं का न्हाई?"

ती परत नवऱ्याला बघाया काट्यावर गेली हुती, मालकानं फिल्म लावून दिली. ह्या टायमाला ती बारा-धाला तुटली न्हाई. अर्जुना छातीला हात लावून वाकतोय, फोन लावतोय. आन मी आत, दार बडवतोय. ती म्हणली, किती बडवलं आबा तुमी, हातातनं रगात आलं तरी सोडलं न्हाई. एकटं न्हवतं त्ये, तेवढ्यावर आता झोप लागती बघा.

काय सांगणार रं तिला? आठ म्हयन्यांनी झोप लागलीया त्या बाईला.

मी काट्यावर जाऊन बघितलं. मीच. आंगात ह्या दसऱ्याला मनुबाईनं घेतल्याला चौकड्याचा सदरा. शिमग्याच्या आधी त्यो सदरा दुकानात बी न्हवता.

अमीरला म्हणलं, पूस ती फिल्म. त्यानं दोनदा पुसली, माज्यासमोर. सकाळी हायच. आन वाढतीया. खरंतर पाऊण तासानं मी यिऊन कडी काढली हुती. फिल्ममदी कुणी येत न्हाई. पाऊण तास झाला, तीन तास झालं, काल दीड दिवस झाला. अर्जुना आता खुर्चीत न्हाई, कुठं गेला कळत न्हाई. मी हाय. बडवायचं थांबलंय. दाराला कान लावून बसलोय, कुणी येतंय का ऐकत.

भामाबाई दर सोमवारी सुरवातीचा तेवढा पाऊण तास बघाया येती, घरी जाऊन निवांत झोपती.

काल अमीरला इचारलं, त्या डिस्कमदी अजून जागा किती हाय रं? बिचाऱ्याला वाटलं मी कामाचं इचारतोय. खांद्यावर हात ठिवून म्हणला, "काळजीच सोडा आबा. तुमच्या हयातीत भरत न्हाई ती."